मामाजींची उत्तरं

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर. जळगाव जामोद तालुक्यातल्या चार-पाच गावांत त्यांची नोकरी झाली. निवृत्त होऊन घरी बसले तरी प्रश्न विचारायची सवय काही गेली नाही. बसस्थानकावर उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराला गाठून ते विचारायचे, "पूर्णा कोणत्या नदीले मिळते?" लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला म्हणायचे, "भाजी तिखट आहे ना? मग ही मिरची आपल्या देशात कुठून आली, सांग." लोक वैतागायचे. "गुरुजी येऊन राह्यले, दुसऱ्या गल्लीनं चाल," असं कोणीतरी म्हणालेलं मी स्वतः ऐकलं आहे. त्यांनाही ते माहीत होतं, पण त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. उत्तर नाही आलं तर ते स्वतःच सांगायचे आणि खुश होऊन पुढे निघायचे.

मला बघायला आले तेव्हाही तसंच. माझं माहेर लोणार. बाकी सगळ्यांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. मामाजींनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "लोणारचं पाणी खारट काऊन?"

मी म्हटलं, "पाणी चहूकडून आत येतं, बाहेर जायला वाट नाही. उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार तेवढे मागे राहतात."

ते सासूबाईंकडे वळले. "माझं झालं. तुले काही विचाराचं असन तं विचार."

लग्न होऊन या घरात आले त्याला आता बरीच वर्षं झाली. आमचं बौद्धांचं घर, पदर घ्यायची कधी सक्ती नव्हती. तरी सासऱ्यांशी सुनेनं कामापुरतंच बोलायचं हे मी माहेराहून शिकूनच आले होते, आणि मामाजीही घरात माझ्याशी फारसं बोलत नसत. मी डी.एड. झालेली, पण शिक्षकभरती निघत नव्हती, म्हणून दुसऱ्या परीक्षांचा अभ्यास करत होते. मामाजी दर महिन्याला बसस्थानकाजवळच्या दुकानातून सामान्यज्ञानाचं मासिक आणायचे, स्वतः वाचायचे आणि मग काही न बोलता टीव्हीच्या कपाटावर ठेवून द्यायचे. संध्याकाळपर्यंत मी ते उचललेलं असायचं. आमचं बोलणं म्हणाल तर एवढंच.

तो हिवाळा होता. मामाजी सकाळी ओट्यावर उन्हात पेपर वाचत बसले होते. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांच्या हातात चहा दिला. ते काहीतरी सांगायला गेले आणि "थे... थे..." एवढंच म्हणाले. आमच्याकडे 'ते'ला 'थे' म्हणतात. कप तिरपा झाला, चहा पेपरवर सांडला. आत्याबाई ओरडल्या, "अवो, तोंड कसं करून राह्यले हे!"

मी बाहेर आले तर त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू उतरली होती. माझे मिस्टर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतात. ते अजून घरीच होते म्हणून बरं. शेजारची गाडी काढली, खामगावला गेलो, तिथून अकोल्याला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही. जीव वाचला. काही दिवसांनी पाय उचलायला लागले, काठी घेऊन चालू लागले. उजवा हात लुळा राहिला. बोलणं मात्र गेलं.

म्हणजे समजायचं सगळं. आम्ही काय बोलतो ते कळायचं, मान हलवायचे. पण सांगायचं झालं की "थे." पाणी हवं असलं तरी थे, लघवीला जायचं असलं तरी थे, उशी नको असली तरी थे. आपल्याला कळत नाही असं दिसलं की तेच पुन्हा मोठ्यानं म्हणायचे, मग डोळे भरायचे. भेटायला येणारे लोक त्यांच्याशी कानाजवळ ओरडून बोलायचे, जणू बहिरे झालेत. कोणी लहान लेकराशी बोलावं तसं बोलायचे. मामाजी भिंतीकडे बघत बसायचे.

अकोल्याच्या दवाखान्यात एक मॅडम होत्या, अशा रुग्णांना बोलायला शिकवणाऱ्या. वयानं माझ्याहून लहान असतील. त्यांनी निघताना आम्हाला सांगितलं होतं, "त्यांच्याशी नेहमीसारखंच बोला. विचारा आणि थांबा. शब्द तुम्ही पुरवू नका." आत्याबाईंना हे पटलं नव्हतं. माणूस तहानलेला आहे आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचं, हे त्यांना निर्दयपणाचं वाटायचं.

पौर्णिमेला घरात नेहमीप्रमाणे वंदना झाली. आत्याबाई, मिस्टर आणि मी जमिनीवर, मामाजी खाटेवर. आम्ही म्हणायला सुरुवात केली आणि मला चौथा आवाज ऐकू आला. मामाजी म्हणत होते. जरा जड जिभेनं, पण सगळं, ओळीमागून ओळ. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, पण कोणी थांबलं नाही. थांबलो तर तेही थांबतील अशी भीती वाटली. वंदना संपल्याबरोबर आत्याबाई उठून त्यांच्याजवळ गेल्या. "आली ना वाचा! आता सांगा, काय खासान? काय करू तुमच्यासाठी?"

मामाजींनी तोंड उघडलं. "थे," म्हणाले.

आत्याबाई आत निघून गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

माझा अभ्यास मी बंदच केला होता. घरात ही परिस्थिती, त्यात पुस्तक घेऊन बसणं बरं दिसत नव्हतं. पण परीक्षेचं प्रवेशपत्र आलं तेव्हा मिस्टर म्हणाले, "एवढे दिवस केला अभ्यास, देऊन टाक." मला मोठ्यानं वाचल्याशिवाय लक्षात राहत नाही. त्यामुळे दुपारी आत्याबाई पडल्या की मी समोरच्या खोलीत, मामाजींच्या खाटेपासून जरा दूर, दाराशी बसून वाचायची.

एकदा मी वाचत होते, "क्षेत्रफळाने भारतातील सर्वात मोठे राज्य..."

"राजस्थान."

मी मान वर केली. खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. मामाजी छताकडे बघत पडले होते.

मी पुढचं वाचलं. "सर्वात लहान राज्य..."

"गोवा."

"सूर्याच्या सर्वात जवळचा ग्रह..."

"बुध." आता त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेही चकित झाले होते. मी पुस्तक खाली ठेवलं आणि म्हटलं, "मामाजी, पूर्णा कोणत्या नदीला मिळते?"

"तापी," ते म्हणाले, आणि हसले. उतरलेल्या चेहऱ्याचं ते हसू तिरपं होतं, पण आजारानंतर पहिलंच होतं.

मी धावत जाऊन आत्याबाईंना उठवलं. त्यांच्यासमोर पुन्हा विचारलं. राजस्थान, गोवा, बुध, तापी, सगळं नीट आलं. आत्याबाई खाटेच्या काठावर बसल्या, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि विचारलं, "अन् मी कोण?"

मामाजी त्यांच्याकडे बघत राहिले. ओठ हलले. कपाळावर घाम आला. "थे... थे..."

आत्याबाईंनी हात सोडला. "राजस्थान येते, मी नाही येत," त्या म्हणाल्या. "राजस्थानले कधी गेले होते का हे? जलमभर भाकरी मी करून घातली."

त्यांचा राग खोटा नव्हता. मी अकोल्याच्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, असं होतं. जे हजारदा घोकलेलं, म्हटलेलं असतं ते आपोआप बाहेर पडतं, गाणी, पाढे, प्रार्थना, शिव्यासुद्धा. मनातलं ठरवून सांगणं ही वेगळी गोष्ट आहे, तीच अवघड होऊन बसली आहे. यात माया कमी-जास्त असण्याचा काही संबंध नाही, हे घरच्यांना समजावून सांगा. आणि जे येतं त्यावरूनच पुढे न्या.

शिव्यांचं खरं होतं. त्याच आठवड्यात दाढीचा ब्रश हातातून पडला तेव्हा मामाजी स्वच्छ म्हणाले, "हट्, गधड्या!" आत्याबाईंना मी मॅडमचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "असन," म्हणाल्या.

मग आमची रोजची दुपार ठरली. मी विचारायची, मामाजी उत्तर द्यायचे. ज्या सासऱ्यांशी मी इतकी वर्षं कामापुरतं बोलले होते त्यांच्याशी आता मी तासभर बोलत बसायची. रोज जमायचंच असं नव्हतं. कधी जपान विचारलं तर कांगारू म्हणायचे. कधी तोच शब्द दहा प्रश्नांना चिकटून बसायचा. कधी थकून डोळे मिटून घ्यायचे. महासागर यायचे, पण आकडे येत नव्हते. सन विचारला की हाताने हवेत काहीतरी लिहायचे आणि पुसून टाकायचे.

एके दिवशी जेवताना त्यांनी वरणाचा घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "लोणार."

मला वाटलं माझ्या माहेराबद्दल काहीतरी विचारत आहेत. "काय झालं मामाजी लोणारचं?"

त्यांनी डाव्या हाताने वाटी पुढे सरकवली. "लोणार!"

आत्याबाईंनी बोट बुडवून चाखलं. पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "माय वो! मीठ दोनदा पडलं." त्या हसत होत्या, मामाजी हसत होते. मिस्टर दुकानातून आले तेव्हा आम्हा तिघांना ताटावर हसत बसलेलं पाहून त्यांना काही कळेना.

तिथून पुढे मामाजींना वाट सापडली. तहान लागली की सहारा. पंखा बंद करायचा असला की सायबेरिया. दुकानातून मिस्टरांना यायला उशीर झाला की दाराकडे बोट दाखवून म्हणायचे, "धूमकेतू." प्रत्येक वेळी आम्हाला लगेच कळायचं नाही. एकदा सकाळपासून "सुएझ, सुएझ" चाललं होतं, आणि दुपारी उलगडलं की न्हाणीची मोरी तुंबली आहे. पण निदान आता नुसतं थे नव्हतं.

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. गुरुजींना घरातलं माणूस ओळखता येत नाही पण जगाचा नकाशा येतो, असं लोक एकमेकांना सांगू लागले. भेटायला येणारे वाढले. येऊन आधी प्रकृती विचारायचे, मग हळूच एखादा प्रश्न टाकायचे. मिस्टरांना ते आवडत नव्हतं. "बाबाले तमाशा करून ठेवलं आपण," ते मला एकदा म्हणाले. मी म्हटलं, त्यांना बरं वाटतंय. मला खरंच तसं वाटत होतं.

मग एक दिवस एक गृहस्थ आले. बाजारात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि लहानपणी ते मामाजींच्याच वर्गात होते. खुर्ची ओढून बसले, खिशातून फोन काढला, व्हिडिओ सुरू करून समोर धरला.

"गुरुजी, जपानची राजधानी?"

"टोकियो."

"वा! इजिप्तची?"

"कैरो."

"अन् आता सांगा, माझं नाव काय?"

मामाजी थांबले. त्यांना तो माणूस पक्का ओळखू येत होता, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. ओठ जुळवत होते, सोडत होते. गृहस्थ फोनमध्ये बघून मोठ्यानं म्हणाले, "पाहा आता, टोकियो येते अन् गल्लीतला माणूस येत नाही!" आणि हसले.

मामाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. थोरामोठ्यांसमोर आवाज चढवायची मला सवय नाही. पण मी पुढे गेले आणि म्हटलं, "फोन बंद करा. आणि जे काढलं ते पुसून टाका, आत्ता, माझ्यासमोर."

"अवो वहिनी, मजाक होती. गुरुजीची मजाक करीन का मी?"

"ते हसले का?" मी विचारलं.

त्यांनी पुसलं. आत्याबाई त्यांच्यासाठी चहा घेऊन येत होत्या. त्या दारातूनच कप घेऊन परत फिरल्या.

त्यानंतर मामाजी गप्प झाले. मी दुपारी बसून विचारायची, ते डोळे मिटून पडायचे. राजस्थान नाही, तापी नाही, काहीच नाही. थे सुद्धा म्हणेनात. वरण खारट केलं तरी मुकाट्यानं खायचे. हे मी मुद्दाम करून पाहिलं. मिस्टर म्हणाले, "राहू दे आता. त्याहिले नाही बोलाचं तं नाही बोलाचं." मला झोप लागेना. मीच लोकांना येऊ दिलं होतं, मीच कौतुकानं दोघा-तिघांसमोर त्यांना विचारलं होतं.

शेवटी मला मामाजींची जित्याची खोड आठवली. चुकीचं उत्तर ऐकून ते कधी गप्प बसले नव्हते. मी दाराशी बसून पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचू लागले, "लोणार सरोवर हे ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे तयार झाले आहे."

खाट करकरली.

"लोणार सरोवर," मी पुन्हा वाचलं, "ज्वालामुखीच्या..."

"नाही!" त्यांनी डाव्या हाताची मूठ खाटेवर आपटली. "उल्का!"

"पुस्तकात तर ज्वालामुखी लिहिलंय, मामाजी."

पुस्तकात तसं काही नव्हतं. त्यांनी हात पुढे करून पुस्तक मागितलं, मी दिलं. अक्षरंही त्यांना तेव्हा नीट लागत नव्हती. त्यांनी पानाकडे रागानं पाहिलं आणि पुस्तक बाजूला टाकलं. "उल्का," पुन्हा म्हणाले.

"कशावरून?" मी विचारलं आणि थांबले. मॅडमनी सांगितलं होतं तशी थांबले. रस्त्यावरून भाजीची हातगाडी गेली, तिचा पुकारा लांब गेला. आत्याबाई उठून दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना हातानं खूण केली, बोलू नका.

"दगड," मामाजी म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "काच." त्यांनी मूठ उचलून हवेतून खाली आणली आणि खाटेवर आदळली. "दगड... काच... झाली. दगडाची काच झाली."

ते बरोबर होतं. एवढ्या जोरानं काही आदळल्याशिवाय तिथल्या दगडातल्या खनिजाची तशी काच होत नाही, आणि तिथे ती सापडली आहे. शाळेची सहल लोणारला नेली की ते हे प्रत्येक वर्गाला सांगायचे, म्हणजे त्यातलं थोडं पाठच असणार. पण ते त्यांनी एकेक शब्द शोधून, जुळवून सांगितलं होतं. मी रडत होते. "बरोबर, मामाजी," म्हटलं, "पुस्तक चुकलं."

त्यानंतर घरात एक नियम झाला. मामाजींना प्रश्न विचारायचा तो घरच्यांनीच. बाहेरचं कोणी आलं तर पाऊस-पाण्याचं, कपाशीचं बोलावं, चहा घ्यावा आणि जावं. हा नियम आत्याबाईंनी केला आणि त्यांनीच पाळायला लावला.

आणि थोड्या दिवसांनी त्या स्वतः दुपारी येऊन बसल्या. त्यांची शाळा चौथीपर्यंत झालेली. माझं वाचन त्या रोज आतून ऐकत असणार, कारण त्यांनी आवाजही तसाच काढला, पुस्तक वाचल्यासारखा.

"जळगावच्या गुरुजीनं कोणत्या गावची पोरगी करून आणली?"

मामाजींनी चमकून पाहिलं. "धामणगाव," म्हणाले.

"कोणतं धामणगाव?"

"बढे."

"धामणगाव बढ्याच्या त्या पोरीचं नाव काय?"

मामाजींनी आयुष्यभर आत्याबाईंना "ऐकलं का" म्हटलं होतं. दुसऱ्यांजवळ "घरचे" म्हणायचे. आमच्या लग्नात उखाण्याचा आग्रह झाला तेव्हाही ते उठून गेले होते.

त्यांनी आत्याबाईंचं नाव घेतलं. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, हजेरी घ्यावी तसं.

आत्याबाई लाजल्या. "एवढ्या मोठ्यानं नाही विचारलं म्या," म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. मग स्वयंपाकघरातून बराच वेळ भांड्यांचा आवाजच आला नाही. मी आत गेले नाही.

ती परीक्षा मी दिली आणि नापास झाले. सामान्यज्ञानात चांगले गुण होते, गणितात मार खाल्ला. पुढच्या भरतीतही राहिले. आता मी इथल्या एका खाजगी अभ्यासिकेत मुलींना शिकवते. पगार थोडा आहे, पण काम आवडतं. मामाजींचं बोलणं हळूहळू वाढत गेलं. आता ते लहान लहान वाक्यं बोलतात. घरातल्या सगळ्यांची नावं येतात, पण घाईत एकाचं दुसऱ्याला लागतं. आकडे अजूनही येत नाहीत. थकले की सहारा आणि सायबेरिया परत येतात.

मागच्या हिवाळ्यात पेन्शनसाठी ते हयात असल्याचा दाखला द्यायला आम्ही बँकेत गेलो. गर्दी होती. खिडकीतल्या तरुण कारकुनानं मामाजींची काठी पाहिली, वाकडा ओठ पाहिला आणि मला विचारलं, "हे बोलतात का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मामाजींनी डाव्या हातानं मला थांबवलं. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागला. मागे रांगेतलं कोणीतरी खाकरलं.

"बोलतो," ते म्हणाले. "हळू."

कारकुनानं मान हलवली. "हाव बाबा, सांगा मग सावकाश," तो म्हणाला, आणि खुर्ची जरा पुढे घेऊन बसला.